आक्षीचा किनारा आणि शरदातलं पक्षी-स्थलांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती झाले की चौकशा सुरू होतात. पक्षी आले का, कधी येऊ, काय दिसेल, गाडी कुठपर्यंत जाते. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. ती अलिबागजवळच्या आक्षी-साखरचा किनारा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली असली, तरी भरतीचं गणित आणि पक्ष्यांची वेळ कोकणातल्या बहुतेक पुळणींना थोड्याफार फरकाने लागू पडते.

पक्षी नेमके कधी येतात?

लोकांना वाटतं त्याच्या पुष्कळ आधी. थंडी पडली की पक्षी येतात हा समज पक्का आहे, पण किनाऱ्यावरचे पहिले पक्षी जुलैच्या अखेरीस, ऐन पावसात उतरतात. त्यात पुढे असतात ते सँड प्लोव्हर. हे चिखल्यांच्या जातीतले छोटे, गुबगुबीत पक्षी तिबेट-लडाखच्या पठारावर घरटी करतात. तिथला उन्हाळा आखूड, त्यामुळे पिल्लं मार्गी लागली की मोठे पक्षी लगेच निघतात. ऑगस्टच्या सुरुवातीला आलात तर काहींच्या छातीवर विणीच्या काळातला विटकरी पट्टा अजून दिसतो. महिन्या-दीड महिन्यात तो जातो आणि सगळे राखाडी होतात.

ऑगस्टमध्ये कर्ल्यू, व्हिम्ब्रेल, लाल आणि हिरव्या पायांचे टिलवे, तुतवार येऊन पोचतात. सप्टेंबरात सायबेरियाच्या टोकाकडून येणारे कर्ल्यू सँडपायपर, सँडरलिंग, टर्नस्टोन यांची भर पडते आणि वर तारांवर भिंगऱ्या दिसू लागतात. कुरव, म्हणजे सीगल, रमतगमत येतात. त्यांचे मोठे थवे ऑक्टोबर सरता सरता जमतात, आणि त्यांच्यातला सगळ्यात दांडगा पलास गल नोव्हेंबरनंतर.

बऱ्याच किनारी जातींत मोठे पक्षी आधी येतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं काही आठवड्यांनी, आपली आपण. म्हणून सप्टेंबरातल्या थव्यात पाठीवर खवल्यांसारखी स्वच्छ नक्षी असलेले पक्षी दिसले तर ती तरुण मंडळी समजा. हा किनारा ती पहिल्यांदाच बघत असतात.

मग सगळ्यात चांगला महिना कोणता?

एकाच फेरीत जास्त जाती बघायच्या असतील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. स्थलांतर चालू असताना बघायचं असेल तर सप्टेंबर. तेव्हा पाऊस, चिकचिक आणि रिकामे हात यांची तयारी ठेवावी लागते, पण आज आहे आणि उद्या नाही अशी वर्दळ त्याच महिन्यात असते. काही पक्षी इथे फक्त दम घेतात आणि पुढे दक्षिणेला किंवा आफ्रिकेकडे जातात. युरोपीय नीलपंख असाच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तारेवर बसलेला दिसतो आणि निघून जातो. चातक उलट याच सुमारास आपल्याकडचा मुक्काम हलवतो. पावसाळ्यात कोकणच्या रानात घरटं करणारा नवरंगही दक्षिणेकडे सरकतो. म्हणजे शरदात येणाऱ्यांइतकेच जाणारेही असतात.

सकाळी किती वाजता यावं?

घड्याळ नंतर बघा, आधी कालनिर्णय बघा. या किनाऱ्यावर सूर्योदयापेक्षा तिथी महत्त्वाची. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पक्षी चिखलात विखुरतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढे दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास, एवढीच खरी वेळ.

ती काढायची जुनी रीत किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात माहीत असते: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी आणि मधली ओहोटी सव्वासहा तासांनी. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मुंबईच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. पण दिवस ठरवायला तिथी पुरते.

आता यात उधाण आणि भांग जोडा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी पार वरच्या वाळूपर्यंत येतं आणि पक्ष्यांना बसायला अरुंद पट्टी उरते. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती, पाणी अर्धवट चढतं आणि पक्षी लांबच राहतात. शिवाय हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांवर छान उजेड पडतो. संध्याकाळी नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. हे सगळं जुळवलं की उत्तर निघतं: द्वादशी ते पौर्णिमा किंवा द्वादशी ते अमावास्या, सकाळी साडेसहा-सातला किनाऱ्यावर हजर. भरती नऊ ते साडेअकराच्या दरम्यान पूर्ण होते. त्यानंतर ऑक्टोबरची उष्णता वाळूवर अशी थरथरते की दुर्बिणीतही काही स्थिर दिसत नाही.

अष्टमीचा रविवार गाठून आलेली मंडळी दुपारी बाराला सुकतीत, म्हणजे ऐन ओहोटीत, उभी राहून ‘इथे काहीच नाही’ म्हणतात. पक्षी असतात हो, पार तिकडे पाण्याच्या कडेला.

भरतीला थवा वाळूवर नुसता बसलेला असतो. जवळ गेलं तर काय होतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

किनारी पक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालतो. चिखल उघडा असेल तेवढा वेळ खायचं, मग दिवस असो की रात्र, आणि पाणी चढलं की एका पायावर उभं राहून, चोच पाठीत खुपसून विसावायचं. तो विसावा म्हणजे आळस नव्हे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची चरबी संपलेली असते, अनेक जातींची पिसंही याच काळात बदलत असतात. खाल्लेलं अंगी लागायला त्याला हे चार तास हवे असतात.

खायला चिखल मैलोगणती आहे, पण उधाणाच्या भरतीला बसायला सुरक्षित जागा फार थोड्या. खाडीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा, एखादा खडक, माणसांची वर्दळ नसलेली पुळण, बस. तिथून उठवलं की थवा घिरट्या घालतो, पुन्हा बसायला बघतो, कुत्रं धावतं, पुन्हा उठतो. सुट्टीच्या दिवशी हे सकाळभर चालतं. त्यात वाळूवरून पळवलेल्या मोटारी आणि चारचाकी बाइकी आल्या की थवा जागाच सोडून देतो. आमच्या मते पक्षी बघायला येणाऱ्यांनीही यात आपला वाटा ओळखावा. उडत्या थव्याच्या फोटोसाठी मुद्दाम धावत जाणारे कॅमेरेवाले आम्ही पाहिले आहेत, आणि कुत्र्याला हटकता येतं, त्यांना हटकणं अवघड जातं.

अंतर किती ठेवायचं याचा आकडा नाही. पक्ष्यांकडे बघा. झोपलेल्यांनी चोच बाहेर काढली, सगळ्यांनी एका दिशेला तोंड केलं, थोडे चालू लागले, की तुम्ही फार जवळ आलात. थांबा, खाली बसा, दोन पावलं मागे या. सुरूच्या झाडांच्या कडेला नुसते बसून राहिलात तर पाणी त्यांना आपसूक जवळ आणतं.

कोणकोण दिसेल?

हमी कशाचीच नाही. नेहमीचे म्हणजे सँड प्लोव्हर, केंटिश प्लोव्हर, सँडरलिंग, डनलिन, टिलवे, तुतवार, कर्ल्यू, व्हिम्ब्रेल, काळ्या आणि तपकिरी डोक्याचे कुरव, आणि सुरयांमध्ये (म्हणजे टर्न) गल-बिल्ड व लाल चोचीचा धिप्पाड कॅस्पियन, जो जगातल्या सुरयांत आकाराने सगळ्यात मोठा. ऑयस्टरकॅचरसाठी लोक खास इथे येतात. काळापांढरा अंगरखा, गाजरासारखी सरळ चोच, आणि त्या चोचीने तिसऱ्या-शिंपल्या उघडण्याचं कसब. ग्रेट नॉट किंवा क्रॅब प्लोव्हर कधीमधी दिसतो. तो दिसला की मोबाइलवर निरोप फिरतात आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पक्ष्यांपेक्षा माणसं जास्त होतात.

वर बघायला विसरू नका. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आणि ब्राह्मणी घार इथल्याच, बारा महिने. ऑस्प्रे मात्र हिवाळ्यापुरता येतो. पाण्यावर थबकून पाय पुढे करत सूर मारणारा दिसला तर तो ऑस्प्रे.

सगळे राखाडी, सगळे सारखे. ओळखायचे कसे?

पिसांचा रंग सोडा, चाल बघा. प्लोव्हर धावतो, थांबतो, टोचतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड, भक्ष्य तो बघून पकडतो. सँडपायपर मान खाली घालून शिवणयंत्रासारखा टोचत जातो, कारण त्याच्या चोचीच्या टोकालाच स्पर्शाची जाण असते आणि चिखलातला किडा त्याला न बघताही कळतो. सँडरलिंग लाटेमागे धावतो आणि लाट आली की पळत परत येतो. दिवसभर तेच.

मग चोच बघा. कर्ल्यूची चोच लांबलचक आणि खाली वळलेली, कुर्ल्यांच्या बिळात घालायला सोयीची. व्हिम्ब्रेलची आखूड, आणि डोक्यावर गडद पट्टे. तो उडताना सहा-सात एकसारख्या शिट्ट्या भराभर देतो, ती एकदा कानात बसली की दुर्बिणीची गरज उरत नाही. दोन सँड प्लोव्हरमधला फरक सुरुवातीलाच शिकायला जाऊ नका. जुने जाणतेही त्यावर भांडतात.

फ्लेमिंगो दिसतील का?

इथे नाही. त्यांच्यासाठी ठाणे खाडी. तिला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. तिथले बरेचसे रोहित कच्छकडून येतात आणि तेही शरदात नव्हे, नोव्हेंबर-डिसेंबरपासून पुढे.

एवढ्या लांबून येतात कशाला? थंडी सोसवत नाही म्हणून?

थंडी पिसांना सोसते. पोटाला सोसत नाही. उत्तरेत जमीन गोठली की चिखलातले किडे हाती लागत नाहीत, आणि दिवस इतका लहान होतो की शोधायलाही वेळ पुरत नाही. मग उलटा प्रश्न उरतो: इथे एवढं अन्न आहे तर परत का जातात? कारण ध्रुवाकडच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, किड्यांचा सुकाळ असतो आणि पिल्लं वाढवायला जागा मोकळी असते. हिशेब घातला तर सँड प्लोव्हर वर्षातले आठ-नऊ महिने आपल्या किनाऱ्यावर काढतो आणि तिकडे फक्त बाळंतपणाला जातो. पहिल्या वर्षाचे काही पक्षी तर जातच नाहीत, म्हणून मे महिन्यात कर्ल्यू दिसला तर दचकू नका.

हे सगळे मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंतच्या या मार्गावर तीस देश आहेत, आणि हिमालय वाटेतच.

पिल्लं एकटी येतात म्हणता, मग वाट कोण दाखवतं?

सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून दिशा धरता येते, एवढं प्रयोगांतून नीट दिसलं आहे. पण दिशा कळणं वेगळं आणि आपण कुठे आहोत हे कळणं वेगळं. १९५८ मध्ये पेर्डेक या डच संशोधकाने एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने नेदरलँड्समधून जाणाऱ्या हजारो स्टार्लिंग धरून स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडल्या. त्या एरवी वायव्य फ्रान्स आणि दक्षिण इंग्लंडकडे हिवाळ्याला जातात. मोठ्या पक्ष्यांनी चूक ओळखून रोख बदलला. पिल्लांनी जन्मजात दिशा धरली आणि ती दक्षिण फ्रान्स आणि स्पेनमध्ये जाऊन पोचली. म्हणजे किती दिवस आणि कुठल्या बाजूला, हे अंगातच येतं. नकाशा मात्र अनुभवाने तयार होतो.

पल्ल्याची कल्पना यावी म्हणून एक आकडा: २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीच्या, जेमतेम पाच महिन्यांच्या एका पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापले. त्या जातीचे पक्षी आपल्याकडेही येतात, दुसऱ्या वाटेने.

अमूर ससाणा आक्षीवरून जातो का?

जातो, पण तो तुम्हाला दिसेलच असं नाही. नागालँड-मणिपूरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुक्काम केलेले थवे पुढे भारत ओलांडून अरबी समुद्रावर शिरतात आणि सोमालियाकडे जातात. वाटेत ते महाराष्ट्रावरून जातात, तेव्हा नोव्हेंबरात घाटमाथ्यावर किंवा किनारपट्टीवर छोटे, टोकदार पंखांचे ससाणे एका मागून एक जाताना दिसले तर लक्ष द्या. याच दिवसांत पिवळसर चतुरांचे लोंढेही समुद्रापार जातात. ससाणे भर समुद्रात त्यांच्यावरच पोट भरत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

सीगलना गाठ्या-फरसाण घातलं तर चालेल?

नाही. लाँचवरून घालतात तेही बरं नाही. मीठ, तेल आणि मैदा हे त्यांचं खाणं नव्हे. बंदरावर मासळी उतरते तिथे त्यांचं छान चाललेलं असतं.

पायात कडं किंवा रंगीत फ्लॅग असलेला पक्षी दिसला. काय करू?

शक्य तितका स्पष्ट फोटो काढा. कुठल्या पायावर, गुडघ्याच्या वर की खाली, वरचा रंग कोणता, खालचा कोणता, त्यावर अक्षरं काय, हे लगेच वहीत लिहा. घरी जाईपर्यंत डावा-उजवा हमखास उलटा होतो. मग तारीख आणि जागा जोडून बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला, कळवा. १८८३ पासून चालत आलेली ही संस्था देशातल्या पक्ष्यांना कडी घालण्याचं काम दीर्घकाळ करते आहे. फक्त फ्लॅग वाचायला मिळावा म्हणून पक्ष्याच्या मागे धावू नका.

किनाऱ्यावर दमून पडलेला पक्षी सापडला तर?

पावसाळी वादळांनंतर खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात: बूबी, शिअरवॉटर, कधी फ्रिगेटबर्ड. लोक कळवळ्याने त्यांना परत पाण्यात ढकलतात, आणि तिथेच ते मरतात. त्यांना पाणी नको असतं, आराम हवा असतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत, शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बूबीची चोच डोळ्याचा नेम धरते, तोंड लांब ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका.

पक्षी कमी होत आहेत का?

किनारी पक्ष्यांच्या बाबतीत, हो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने धोक्यातल्या जातींची आपली लाल यादी सुधारली तेव्हा ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर ‘असुरक्षित’ गटात गेले, डनलिन आणि टर्नस्टोन ‘संकटाच्या उंबरठ्यावर’. ग्रेट नॉट त्याआधीपासूनच ‘धोक्यात’ आहे. ग्रेट नॉट सोडला तर ही दुर्मीळ नावं नव्हेत, आपल्या वाळूवरचे नेहमीचे पक्षी आहेत. भराव, खाडीमुखावरची बांधकामं आणि वाटेतल्या देशांतले नष्ट झालेले चिखलपट्टे ही मोठी कारणं, ती आपल्या हाताबाहेर. भरतीला बसायची जागा मोकळी ठेवणं मात्र आपल्या हातात आहे, म्हणून वर त्यावर इतकं लिहिलं. तुमची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर उपयोग होतो, ‘आज फक्त कावळे’ ही नोंदसुद्धा.

सोबत काय आणू?

८×४२ ची दुर्बीण पुरते. गटात एकाकडे स्पॉटिंग स्कोप असला तर सोनं. टोपी, पाणी, चिखलात चालेल अशी चप्पल. भडक कपडे नकोत, आणि ड्रोन तर मुळीच नको. थव्याला तो शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. खाडीच्या चिखलात एकट्याने शिरू नका. वाळूच्या दांड्यावर बसून फोटो काढताना मागून पाणी कधी भरलं ते कळत नाही.

यायचं कसं?

मुंबईहून गेटवे ते मांडवा लाँच. ती पावसाळ्यात बंद असते आणि साधारण सप्टेंबरात सुरू होते. काही लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. गाडी आणायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, २०२० पासून. रस्त्याने पनवेल-पेण-अलिबाग. अलिबागहून रेवदंडा-मुरूडकडची एसटी पकडून आक्षीला उतरा. वेळ उरला तर गावातला शके ९३४ चा शिलालेख बघा, मराठीतला सगळ्यात जुना म्हणून तो ओळखला जातो.

किनाऱ्याकडे जाताना वस्तीतून जावं लागतं. वाळत घातलेल्या जाळ्यांवरून आणि मासळीवरून पाय टाकू नका, बायका कामात असताना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. होडीजवळ बसलेल्या काकांना ‘आज भरती कधी लागते’ एवढं विचारलंत तर मोबाइलपेक्षा चांगलं उत्तर मिळतं, आणि पक्षी कुठे बसलेत तेही.

लहान मुलांना आणू का?

जरूर. सँडरलिंगची लाटेशी चाललेली पळापळ मुलांना कुठल्याही दुर्मीळ पक्ष्यापेक्षा जास्त आवडते. शाळेची सहल असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह निवडा. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा राज्यभर साजरा होतो. अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा आपला अभ्यास इथून जवळच, किहीमला केला होता. फक्त तारीख ठरवण्याआधी त्या आठवड्यातली तिथी तेवढी बघा, आणि चाळीसपेक्षा जास्त मुलं असतील तर दोन दिवसांत विभागून आणा.